लिफ्टमास्तरांच्या छातीवरची पट्टी

जावयाने सासऱ्यांच्या अंगावरचं औषध सोलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि वर स्वतःच्या कामावर खूश होऊन सासूबाईंकडून कपभर चहाही उकळला.

त्याचा हेतू वाईट नव्हता. उलट इतका चांगला होता की त्यानेच घात केला. जावई फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात विक्रेता. नव्या कोऱ्या फ्रिजच्या दारावरचे स्टिकर खूण न ठेवता काढावेत तर त्यानेच, अशी त्याची दुकानात ख्याती. बाकीचे लोक नखाने खरवडतात. कागद फाटतो, गोंद राहतो, गोंदावर धूळ बसते, आणि आठवड्याच्या आत फ्रिज चार घरं फिरून आल्यासारखा दिसायला लागतो. जावयाची रीत वेगळी. कोपऱ्याला तेलाचं बोट लावायचं, गोंदाला विचार करायला जरा सवड द्यायची, आणि मग कागद असा उचलायचा की फ्रिजलाही पत्ता लागू नये.

त्या दुपारी सासरे हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा दहा गावांची पोस्टं फिरून आलेल्या पार्सलसारखे दिसत होते. मनगटावर सलाइनची टेप, कोपराच्या लवणीत कापूस, छातीवर तपासणीचे गोल ठिपके, पोटावर कसल्याशा जुन्या पट्टीचे काळपट काठ. जावयाला ते बघवेना. त्याने कोमट पाणी घेतलं, टॉवेल घेतला, डोक्याला लावायच्या तेलाची बाटली घेतली आणि सासऱ्यांना पुसायला बसला. एकेक टेप निघाली. एकेक ठिपका निघाला. गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली एक पातळ, पारदर्शक चौकोन होता. त्यावर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. कंपनीचं नाव असेल, म्हणून जावयाने ते वाचलं नाही; त्याच्या धंद्यात स्टिकर कोणी वाचत नाही. हा चौकोन मात्र चिवट निघाला. त्याने तेल लावलं, थांबला, पुन्हा लावलं. शेवटी अखंड सुटला.

“बरं वाटलं,” सासरे डोळे मिटून म्हणाले. जावयाने ही पावती सासूबाईंना जाऊन ऐकवली.

तो चौकोन म्हणजे वेदनेवरचं औषध होतं. कातडीतून थेंबाथेंबाने आत झिरपणारं, दिवसचे दिवस पुरणारं. त्याच्या जोरावरच हा माणूस बसत होता, बोलत होता, नावं ठेवत होता. वॉर्डातल्या सिस्टरने हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं, पण मुलीला. जावई तेव्हा चाकांची खुर्ची शोधायला गेला होता. मुलीला वाटलं, नवऱ्याने ऐकलं असेल. घरी पोचताच तिच्यावर आठवड्याभराच्या जागरणांची झोप कोसळली आणि ती चपला पायात ठेवूनच आडवी झाली. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. तिघांनी जपून आणलेली वस्तू तिघांच्या मधल्या फटीतून पडली, आणि पडल्याचा आवाजही झाला नाही.

लिफ्टमास्तर हे काही सासऱ्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण ते नाव आता सासूबाईंनाही चटकन आठवत नसे. उभं आयुष्य म्हणतात ते यांचंच: सगळं लिफ्टच्या बोळकांडीत, खालून वर आणि वरून खाली गेलेलं. तेलाने काळी झालेली नखं, एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाने मोटर ऐकण्याची सवय, आणि जिना दिसला की चेहऱ्यावर येणारा किंचित तुच्छतेचा भाव. त्यांच्याबरोबर कोणाकडे जायची सोय नव्हती. “यजमान दारात हात जोडून उभे,” सासूबाई सांगत, “आणि हे त्यांच्याकडे पाठ करून लिफ्टचं दार उघडमीट करून बघतायत. मी म्हटलं, अहो, माणसं बोलतायत. तर म्हणाले, थांब, दार जास्त महत्त्वाचं बोलतंय.”

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की बाकीचे मेकॅनिक थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत धावत. लिफ्टमास्तर आधी बंद दाराशी जात. दारावर टकटक करत आणि सांगत, “मी आलोय. दोर शाबूत आहे. लिफ्ट पडणार नाही.” घाबरू नका, हे शब्द त्यांनी जन्मात उच्चारले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की घाबरू नका म्हटलं की माणूस आधी विचार करतो, घाबरण्यासारखं आहे तरी काय बुवा? आणि मग शोधून काढतो. त्यानंतर ते जिन्यात जो कोणी दिसेल त्याला पकडून दाराशी उभं करत. दूधवाला असो नाहीतर बँकेचा मॅनेजर.

“मी काय बोलू पण?” तो विचारी.

“काही नाही. आतून हाक आली की ‘आहे’ म्हणायचं. नको तिथे गप्पा मारू नका.”

एवढी व्यवस्था लावून मग ते वर जात, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवत, आणि लिफ्ट इंचाइंचाने मजल्याला लावत. “आत अडकलेला माणूस अडकल्याने घाबरत नाही हो,” ते म्हणत. “मधेच बाहेरचा आवाज बंद होतो, त्याने घाबरतो.”

जावई त्यांना असाच मिळाला. वॉशिंग मशीन पोचवायला आला आणि मशीनसकट अडकला. दार उघडलं तेव्हा तो मशीनला मिठी मारून बसला होता आणि दोघांपैकी कोण कोणाला धीर देतंय ते कळत नव्हतं. लिफ्टमास्तर त्याला पाणी द्यायला घरी घेऊन गेले. पाणी मुलीने आणून दिलं. “लिफ्टमधून सुटला आणि घरात अडकला,” असं ते पुढे कोणालाही सांगत. जावई मात्र त्या दिवसापासून जिन्यानेच जातो. घाबरट ही पदवी त्याला सासरी मानाने मिळालेली आहे.

असा माणूस आजारी पडला. पोटात वाढलेलं काहीतरी यकृतापर्यंत पोचलं होतं. एका सकाळी मोठे डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले आणि शब्द शोधू लागले. शब्द मिळेनात, तेव्हा लिफ्टमास्तरांनीच मदत केली.

“म्हणजे आता दुरुस्ती नाही. नुसती देखभाल.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “पण देखभाल शेवटपर्यंत. दुखू द्यायचं नाही, हे आमच्या हातात आहे. घरी गेलात तरी आमची सिस्टर घरी येईल.”

“मग घरीच करा. आणि एकदा नेलंत की परत इकडे आणायचं नाही.”

हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, पण बघितलं जावयाकडे. बायको रडेल, मुलगी वाद घालेल, पण भीतीपायी फोन उचलून कोणाला तरी बोलावेल तो हाच, हे त्यांनी ओळखलेलं होतं. “जावईबापू, तुम्ही कबूल करा.”

जावयाने मान हलवली. दुकानात गिऱ्हाइकाला ‘हो हो, उद्या पोचेल’ म्हणताना हलते तशी. वॉर्डात भीती वाटली की घंटा होती. घंटा दाबली की कोणीतरी चपला वाजवत यायचं आणि भीती त्याच्या हाती सोपवता यायची. घरी घंटा एकच, दाराची. आणि ती वाजली की दार उघडायला आपणच जायचं. रात्री श्वास अडकला तर? पलंगावरून पडले तर? त्यांच्या खोलीतल्या कपाटात जावयाचे शर्ट होते. उद्या ते काढायला जाईन आणि आत काही भलतंच दिसलं तर, असं वाटून त्याने गुपचूप दोन शर्ट बाहेर आणून ठेवले होते.

घरी येताना लिफ्टमास्तर खुर्चीत बसून लिफ्टने वर आले, जावई जिन्याने. दारात भेट झाली तेव्हा ते म्हणाले, “दाराचं चाक झिजलंय. सोसायटीला सांगा.” सगळे हसले. संध्याकाळ इतकी छान गेली की जावयाला वाटलं, आपण उगीच घाबरलो. अंगात आधी मुरलेलं औषध अजून आपलं काम करत होतं, हे कोणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमास्तरांनी अर्धा चहा ठेवला. मग बोलणंही सोडलं. मुलीने दुखतंय का विचारलं तेव्हा “नाही” म्हणाले, पण ते ‘नाही’ दातांच्या फटीतून आलं. ऊन वर चढलं तसे त्यांचे गुडघे पोटाशी येत गेले. आणि मग एक आवाज सुरू झाला. तो ओरडण्याचा नव्हता. जड कपाट फरशीवरून ओढत नेताना येतो तसा, आणि कपाट कुठेच पोचत नव्हतं. जावयाने माणसाच्या गळ्यातून असा आवाज कधी ऐकला नव्हता. तो ऐकताना त्याच्या हाताची बोटं आपोआप कानाकडे जात होती आणि तो ती खाली आणत होता.

मधेच दुखलं तर द्यायला म्हणून हॉस्पिटलाने एक बाटली दिली होती, आणि सुई नसलेली सिरिंज. मुलीने खुणेच्या रेघेपर्यंत औषध भरलं. सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

“ते नको. त्याने झोपलेला माणूस उठत नाही.”

“आई, असं काही नसतं.”

“माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना दिलं. दिवेलागणीला गेले.”

“ते जाणारच होते गं.”

“मग हे काय राहणार आहेत?” सासूबाई म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडातून काय निघालं ते ऐकून भिंतीकडे वळल्या. “जाऊ देत. पण त्यांना धाडणारी मी नको, तू नको.”

मुलगी वडिलांना दोन्ही हातांनी धरून बसली होती, म्हणून सिरिंज जावयाकडे आली. सिरिंजवरच्या रेघेकडे बघताना त्याला दरदरून घाम फुटला. आपण फ्रिज विकणारा माणूस. ही रेघ बरोबर आहे ना? सिस्टरने ती दाखवली तेव्हा बायको झोपेत नव्हती ना? आणि सासूबाई म्हणतायत ते खरं निघालं तर? संध्याकाळी माणसं जमतील, आणि कोणीतरी विचारेल, शेवटचं औषध कोणी दिलं? औषधाचे दोन थेंब चादरीवर पडले.

“बाबा, घाबरू नका,” तो म्हणाला.

“हे वाक्य,” लिफ्टमास्तर श्वास गोळा करत म्हणाले, “माझ्या घरात नको.”

जावयाने सिरिंज टेबलावर ठेवली आणि तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. वॉर्डात कोणीतरी फोन उचलला.

“डिस्चार्ज झालाय ना कालच? मग ते आता आमच्याकडे नाहीत. ओपीडीत दाखवा.”

“ओपीडी चालू आहे?”

“आज सुट्टी.”

“मग मी करू काय?”

“फारच असेल तर इमर्जन्सीला घेऊन या.”

आमच्याकडे नाहीत. मग कोणाकडे आहेत? आतून कपाट ओढल्याचा आवाज आला. कबूल केलेली गोष्ट मोठी होती, हे जावयाला कळत होतं. पण तो आवाज तिच्याहून मोठा होता. त्याने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला, मजला सांगितला, आणि फोन ठेवल्यावर त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

तो आत आला तेव्हा मुलीच्या हातातही फोन होता. घरी येणारी सिस्टर, जी उद्यापासून यायची होती, तिला मुलीने गाठलं होतं. फोन स्पीकरवर होता.

“छातीवरचा पॅच जागेवर आहे का, तेवढं आधी बघा,” सिस्टर म्हणत होती.

मुलीने शर्टाची बटणं काढली. छाती स्वच्छ होती. दुकानात मांडायला काढल्यासारखी लख्ख. “इथेच होता,” ती बोटाने चाचपत म्हणाली. “काल मी निघताना बघितलाय.”

“गळून पडला असेल. चिकटल्याची खूण दिसते?”

“काहीच नाही. जणू कधी नव्हताच.”

दारात उभ्या असलेल्या जावयाच्या डोक्यात तो पारदर्शक चौकोन तेलात भिजून कोपऱ्यातून उचलला जाऊ लागला. अखंड सुटला होता. केवढा आनंद झाला होता आपल्याला.

“खूण नाही सापडायची,” तो म्हणाला. “मी काढला तो. तेल लावून.”

सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. मुलीने वडिलांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली.

“कोण बोलतंय?” फोनमधून आवाज आला.

“जावई.”

“कुठे टाकलात?”

“डब्यात.”

“लहान मूल, कुत्रं-मांजर काही आहे घरात?”

“नाही.”

“मग त्या डब्याला कोणी हात लावू नका. बाटलीतलं औषध दिलंत?”

“सिरिंज भरून ठेवलीय, रेघेपर्यंत,” मुलगी म्हणाली.

“नाही दिलंत,” सिस्टर म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने नुसती नोंद घेतली. “रेघेपर्यंत ना? बरोबर आहे. मग आता द्या. गालाच्या आत, हळूहळू. मी फोन ठेवत नाही. कोण देतंय?”

मुलीने आईकडे बघितलं. आई भिंतीकडेच बघत होती.

“मी,” जावई म्हणाला. हा आवाज आपलाच का, याची त्याला खात्री वाटेना. त्याने सिरिंज उचलली, दुसऱ्या हाताने आपलंच मनगट पकडलं आणि सासऱ्यांच्या गालात औषध सोडलं. लिफ्टमास्तरांचा कंठ वरखाली झाला.

“गिळलं,” मुलगी म्हणाली.

“शाबास. लगेच थांबणार नाही, अर्धा तास धरा. मी स्कूटरवर बसतेय. फोन खिशात चालू ठेवते, तुम्ही तसाच उशाशी ठेवा.”

मग उशीवर ठेवलेल्या फोनमधून रस्ता वाहू लागला. हॉर्न, बसचे ब्रेक, कोणावर तरी खेकसलेली सिस्टर. त्या गलक्याकडे घरातली सगळी कान लावून बसली. आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

सिस्टर इतक्यात येणं शक्य नव्हतं. दारात खाकी गणवेशातली दोन माणसं होती आणि त्यांच्यात एक घडीची खुर्ची. “पेशंट कुठंय?”

“कोणी बोलावली?” मुलीने विचारलं. जावयाने खिशातला फोन चाचपला, आणि तिला उत्तर कळलं.

“न्या हो,” सासूबाई एकदम रडवेल्या झाल्या. “न्या त्यांना. मला नाही बघवत.”

लिफ्टमास्तरांनी डोळे उघडले. खाकी कपडे बघितले, खुर्ची बघितली, तिचे पट्टे बघितले. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली आणि जावयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर जावयाने सोसला असता. ते नुसते घाबरले होते. सगळ्या गावाला दाराबाहेरून धीर देणारा माणूस घाबरलेला दिसतो कसा, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं.

“जरा थांबा,” तो म्हणाला.

“थांबून कसं चालेल, साहेब? पुढचा कॉल आहे.”

“मग जा.”

“काय?”

“जा तुम्ही. माझी चूक झाली. ह्यांना न्यायचं नाही.”

वयाने मोठा असलेला माणूस खोलीत डोकावला, तो आवाज ऐकून त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. “अशा अवस्थेत ठेवताय? तुम्ही कोण, मुलगा?”

“जावई.”

“मुलगा नाही का कोणी?”

“नाही. मीच आहे.”

“बघा बुवा. उद्या म्हणाल, वेळेवर कोणी आलं नाही.”

दार बंद झालं, आणि जिन्यावरची पावलं उतरत गेली तसा जावयाला घाम फुटत गेला. हे काय करून बसलो? मदत दारात आली होती, ती आपण हाताने परत पाठवली. बाटलीने काहीच केलं नाही तर? हा माणूस याच आवाजात गेला, तर तो आवाज जन्मभर आपल्या नावावर. त्याला धावत जाऊन त्यांना परत बोलवावंसं वाटलं. तो उठलाही. पण सासऱ्यांची नजर अजून त्याच्यावरच होती, म्हणून तो पलंगापाशी खाली बसला आणि पलंगाची कड धरलेल्या त्या हाताकडे बघत राहिला. फोनमधून हॉर्न वाजत होते.

आधी करंगळी सैल झाली. मग कपाट ओढणारा आवाज मधेमधे थांबायला लागला, जणू ओढणाऱ्याने टेकायचं ठरवलं. गुडघे पोटापासून जरा खाली आले. डोळे मिटले. आवाज बंद झाला.

आता वेगळीच भीती खोलीत शिरली.

“उठवा,” सासूबाई कुजबुजल्या. “मी सांगितलं होतं. उठवा त्यांना.”

जावयाने हळूच तळवा सासऱ्यांच्या नाकापुढे धरला. त्याचा स्वतःचा श्वास इतका जोरात चालला होता की दुसऱ्या कोणाचा कळेना.

“हात काढा,” लिफ्टमास्तर डोळे न उघडता म्हणाले. “तेलाचा वास येतो.”

सिस्टर आली ती एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन. ठेंगणी, रुंद, घामाघूम. आल्या आल्या तिने नाडी बघितली, डोळे बघितले, श्वास मोजले. घरच्या औषधांतला नवा पॅच काढून या वेळी उजव्या दंडावर लावला. “हा आत पोचायला उद्या उजाडेल,” ती म्हणाली. “तोवर बाटली त्याची जागा धरेल. दुखायला लागलं की द्यायचं, पार वाकडं होईपर्यंत वाट बघायची नाही.” मग हातमोजे घालून तिने कचऱ्याच्या डब्यातून जुना पॅच शोधला, चिकट बाजू आत घेऊन दुमडला, पिशवीत बंद केला. बंद करण्याआधी उजेडात धरून बघितला.

“अख्खा काढलात हो,” ती म्हणाली. “आम्हाला सुद्धा असा निघत नाही.”

“सिस्टर,” जावयाने आवाज खाली आणला, “तो काल माझ्या अंगठ्याला बराच वेळ चिकटला होता. मला काही होईल का?”

“काल ना?”

“हो.”

“व्हायचं ते कालच झालं असतं. चहा मिळेल का?”

चहा होईपर्यंत तिने वॉर्डात फोन लावला. “काल सोडलेले लिफ्टवाले मास्तर,” ती फोनवर म्हणाली. “हो, तेच. ते आता माझ्याकडे आहेत. घरून फोन आला तर इमर्जन्सी सांगू नका, मला जोडून द्या.” माझ्याकडे आहेत, हे ऐकताच जावयाला भिंतीला टेकावंसं वाटलं. तो टेकला.

सासूबाईंना मात्र तिने आपल्याजवळ बसवलं. सिरिंजमध्ये साधं पाणी भरायला लावलं, रेघेवर आणायला लावलं, पुन्हा ओतून पुन्हा भरायला लावलं.

“आणि झोपले ते उठलेच नाहीत तर?” सासूबाईंनी शेवटी विचारलंच.

“आज झोपतील. इतकं दुखल्यावर कोणीही झोपेल. हे मोजून दिलेलं आहे, आई. एवढ्याने माणूस जात नाही.” सिस्टरने कप खाली ठेवला. “ते जाणार आहेत. पण आजाराने जाणार, तुमच्या हाताने नाही.”

इतके दिवस डोळ्यांना पदर लावणाऱ्या सासूबाई तेव्हा पहिल्यांदा खऱ्या रडल्या, आणि सिस्टरने त्यांना रडू दिलं.

पुढचे दिवस तसेच गेले. सिस्टर येत होती, आली नाही तर फोन करत होती. पॅच जागेवर आहे का, हे घरातलं प्रत्येक माणूस येताजाता बघत असे, शेवटी लिफ्टमास्तर म्हणाले, “मला बघायला या कधीतरी.” भीती काही गेली नाही. ती फक्त घरातल्या माणसासारखी वागू लागली: जेवायला बरोबर बसायची, कोणी हसलं तर जरा सरकून जागा द्यायची. जावयाने रजा काढली. सासऱ्यांना पुसायचं काम त्याच्याकडेच राहिलं, पण आता तो तेलाची बाटली खोलीत आणत नसे, आणि अंगावर काहीही दिसलं की हात थांबवत असे.

“बाबा, हा तीळ जुनाच ना?”

“जन्माचा आहे. काढता का?”

मग बोलणं कमी होत गेलं. लिफ्टमास्तर पलंगात बारीक होत गेले. एका दुपारी त्यांचा श्वास मधेमधे थांबायला लागला. असं होईल, असं सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, पण सांगून ठेवलेली गोष्ट समोर आली की ती कोणी सांगितलेलीच नसते. सासूबाई बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या. मुलगी औषधं आणायला गेली होती. खोलीत दोघेच. श्वास थांबायचा, तेव्हा जावयाचाही थांबायचा. मग पलंगावरून एक लांब उसासा यायचा आणि दोघांचं पुन्हा सुरू व्हायचं.

औषधाची वेळ झाली. जावयाने सिरिंज भरली, रेघ बघितली, खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा बघितली. वळला तर लिफ्टमास्तरांचे डोळे उघडे होते. ते त्याच्या हाताकडे बघत होते.

“बाबा, खरं सांगू?” जावई पलंगाशी बसत म्हणाला. “मला अजून भीती वाटते. रोज वाटते. आत्ता इथे कोणी नाही. माझ्या हातून परत काही चुकलं तर?”

लिफ्टमास्तरांनी उत्तर द्यायच्या आधी तोंड उघडलं. जावयाने औषध गालात सोडलं. त्यांनी ते सावकाश गिळलं. मग एक श्वास थांबला, जावईही थांबला, आणि तो श्वास परत आला तेव्हा ते म्हणाले,

“चुकाल. पण इथे बसून चुका.”